पंचफुलाबाईंचा हात

लोक झोपतात कसे हे बघत बसायचा मला पगार मिळत असे. लग्न ठरताना सासऱ्यांना हे सांगायची सोय नव्हती, म्हणून 'दवाखान्यात टेक्निशियन' एवढ्यावर भागवलं. ते खोटंही नव्हतं. नागपुरात सदरमधल्या एका खासगी दवाखान्यात मी रोग्यांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढत असे. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या घशाच्या डॉक्टरांना, म्हणजे आम्ही ज्यांना नुसतं 'साहेब' म्हणत असू त्यांना, घोरणाऱ्या माणसांचा नाद लागला आणि माझी दुपार त्यांच्या नावाने लागली.

परवा माझ्या सुनेने, ती डॉक्टर आहे, एक नवलाची गोष्ट वाचून दाखवली. झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांच्या छातीत आता म्हणे एक लहानसं यंत्र बसवतात. ते जिभेच्या नसेला वीज देतं आणि जीभ पुढे सरकून वाट मोकळी होते. पण ते सरसकट कुणालाही बसवत नाहीत. आधी रोग्याला झोपवून त्याचा घसा कुठे आणि कसा मिटतो ते बघतात आणि मग निवड करतात. मी म्हटलं, आम्ही हेच करत होतो की, फक्त कापसाने. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

थट्टा नव्हे. काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

घोरणं म्हणजे गाढ झोप असा आपल्याकडे समज आहे. काहींच्या बाबतीत ते उलटं असतं. झोप लागली की त्यांची जीभ आणि घशाचा मऊ भाग मागे पडतो आणि श्वासाची वाट बंद होते. घोरणं एकदम थांबतं. पोट जोर लावत राहतं, पण हवा आत जात नाही. मग माणूस अर्धवट जागा होऊन मोठा घुरका मारतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. सकाळी उठतो तो न झोपल्यासारखा, दिवसा बसल्या जागी पेंगतो आणि काही वर्षांनी काळीज थकतं. हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात घसा मोकळाच असतो, पण मेंदूच श्वास घ्यायचा हुकूम द्यायला विसरतो. त्यात पोटही हलत नाही.

पहिल्या प्रकाराला त्या काळी आमच्याकडे एकच खात्रीचा इलाज होता. गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवायची, म्हणजे हवा घशाला वळसा घालून थेट आत जाते. दुसऱ्या प्रकाराला तो कुचकामी. त्यांच्यासाठी परदेशात छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या नसेला वीज देऊन श्वास घ्यायला लावतात असं साहेबांनी वाचलं होतं. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं आणि येण्याची आशाही नव्हती. त्याआधी साहेबांनी सावनेरच्या एका शिंप्याच्या गळ्याला भोक पाडलं होतं आणि तो निघाला दुसऱ्या प्रकारचा. भोक बोटाने झाकून बोलणं त्याला जमलं नाही, आवाज गेला आणि श्वास थांबायचा तो थांबतच राहिला. तो दर महिन्याला तपासायला येई आणि पाटीवर लिहून साहेबांची खुशाली विचारी. साहेब त्या दिवशी जेवत नसत. तेव्हापासून निवड केल्याशिवाय चाकूला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि निवड करणारा मी.

माझी हत्यारं तीन. नाकपुडीखाली चिकटपट्टीने लावलेला कापसाचा पिंजलेला धागा, पोटावर उभी ठेवलेली काडेपेटी आणि हातात थांबवायचं घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच. कापूस थांबला, काडेपेटी हलते आहे, तर पहिला प्रकार. दोन्ही थांबलं तर दुसरा. थांबा दहा सेकंदांच्या वर गेला तर वहीत खूण करायची. खुणा भरपूर झाल्या तर रोगी निवडीच्या यादीत. ज्याला हा पोरखेळ वाटेल त्याने चार तास झोपलेल्या माणसाच्या नाकाकडे बघून दाखवावं.

हे सगळं भर दुपारी चाले. एक तर या लोकांना कधीही झोप लागते, दुसरं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात दुपारी जागा राहतो तो वेडा. आमच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कुलर होता. पहिले आठ दिवस तो खाटेच्या समोर होता आणि त्याच्या वाऱ्याने कापूस डुलायचा. मी आपला लिहितोय, श्वास उत्तम. साहेबांनी येऊन कुलर भिंतीकडे फिरवला. या कुलरमुळे रोग्यांचे नातेवाईक खोलीत घुसायला बघत. मी एकाला बसू देत असे. बाहेर उन्हात बायामाणसांना बसवायचं माझ्या जिवावर येई. माझा चांगुलपणा एवढाच, आणि तोच नडला.

डोमाजी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. चालत्या पट्ट्यावरून दगड-लोखंड वेचून काढायचं आणि काही अडकलं तर ओरडून पट्टा थांबवायचा. वय पंचेचाळीसच्या आसपास, मान आखूड, आवाज असा की खोलीत नमस्कार म्हटला तरी खिडकी वाजावी. पट्ट्याशेजारी उभ्या उभ्या झोपताना ते दोनदा सापडले होते. दोन मेमो मिळाले होते आणि तिसऱ्याला घरी बसवणार होते. नोकरीचं सोडा, एका डुलकीत पट्ट्यावर पडले असते तर उरलं काय असतं? वरिष्ठ भले होते. त्यांनी सांगितलं, आजार असेल तर दवाखान्याचा कागद आणा, आम्ही काम बदलून देऊ.

सोबत त्यांची बायको पंचफुलाबाई होती. बारीक अंगाची, डोळे खोल गेलेले. तिला मी खाटेच्या पायथ्याशी बाकावर बसवलं. ती नवऱ्याच्या पायावर हात ठेवून बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. मी मनात म्हटलं, प्रेमळ बाई आहे.

तीन दुपारी मी डोमाजींना मोजलं. ते झोपत, घोरत, थांबत. मी घड्याळ दाबी. सहा सेकंद. आठ. सात. नऊ. आणि लगेच घुरका मारून श्वास सुरू. दहाच्या वर एकही नाही. वहीत खूण एकही नाही.

साहेबांनी वही दोनदा चाळली. म्हणाले, या माणसाची मान, पायाची सूज, दिवसाची झोप, सगळं एकच सांगतंय. मी म्हटलं, "साहेब, घड्याळ खोटं बोलत नाही." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण साहेबांना तो शिंपी आठवला असणार. त्यांनी कागद लिहिला: घशात अडथळा आढळला नाही, पाळीच्या कामामुळे झोप अपुरी होते, दिवसा नीट झोप लागण्यासाठी हलकी गोळी द्यावी. आणि सही केली.

चार-पाच दिवसांनी पंचफुलाबाई दुपारी बाराच्या सुमारास एकटीच आली. घाईघाईत मी कागदावर दवाखान्याचा शिक्का मारायचा विसरलो होतो. "शिक्का नाही म्हणते तिथचा बाबू," ती म्हणाली. "मारून द्या जी भाऊ, मले बसनं लवकर जाऊ द्या." शिक्क्याचं कपाट मेट्रनच्या ताब्यात, मेट्रन जेवायला गेलेल्या. मी तिला म्हटलं, बसा इथे कुलरपाशी. ती नेहमीच्या बाकावर, खाटेच्या पायथ्याशी बसली.

खाटेवर त्या दिवशी इतवारी बाजारातले एक किराणा व्यापारी होते, स्वतःची गादी घेऊन आलेले. घोरणं जोरात चाललं होतं. मग ते थांबलं, कापूस थांबला, काडेपेटी हलत राहिली. मी घड्याळ दाबलं. सहा, सात, आठ. आणि मला दिसलं की पंचफुलाबाईंचा हात पुढे गेला आणि तिने शेटजींचा अंगठा धरून हलवला. शेटजींनी घुरका मारला, कापूस उडाला. बाईचे डोळे मिटलेले होते.

मी ओरडणारच होतो, पण तेवढ्यात ते पुन्हा थांबले, म्हणून मी तिच्याकडेच बघत राहिलो. आठाला पुन्हा हात गेला. ती झोपेत होती. या खेपेला शेटजी उठून बसले आणि कौन है, कौन है करू लागले.

मी तिला हलवून जागं केलं आणि जरा तापूनच विचारलं की परक्या माणसाला हात का लावता. तिचा चेहरा पडला. "मी कायले हात लावू जी दुसऱ्याच्या माणसाले?" ती खरंच बोलत होती. तिला माहीतच नव्हतं. मी विचारलं, घरी यांचं घोरणं थांबलं की तुम्ही काय करता? ती म्हणाली, "आवाज चालू असला की मले झोप येते. आवाज बंद झाला की हात जाते. कधी गेला ते नाही समजत. अकरा साल झाले असतील."

तीन दुपारी मी डोमाजींचा श्वास मोजलाच नव्हता. मी हिचा हात मोजला होता. सहा, आठ, सात, नऊ, हे सगळे तिच्या हाताचे आकडे होते. मी नाकाकडे बघत होतो, पोटाकडे बघत होतो, आणि चादरीवरचा तो हात मला दिसत असून दिसला नव्हता, कारण नातेवाईक हे तपासणीत धरायचे नसतात.

मी विचारलं, डोमाजी कुठे आहेत?

"घरी झोपून आहेत जी. रातपाळी करून आले. तुमच्या कागदावरची गोळी आज पहिल्यांदा देल्ली मी. एकीनं झोप नाही लागली, त दोन देल्ल्या."

ज्याचा घसा झोपेत मिटतो त्याला झोपेची गोळी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. जी अर्धवट जाग त्याला दरवेळी वाचवते, तीच ही गोळी मारते. मी विचारलं, जवळ कोण आहे? कोणीच नव्हतं. मुलगी सासरी दिलेली. अकरा वर्षांत हा माणूस गोळी घेऊन पहिल्यांदा झोपला होता आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या पायाशी कोणी नव्हतं. ती होती माझ्यासमोर, माझ्या शिक्क्यासाठी.

साहेब बाह्यरुग्ण विभाग संपवून हात धूत होते. मी चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी टॉवेल न घेताच फोन उचलला. वीजकेंद्राचा फोन लागायला वेळ लागला. पलीकडच्या माणसाने क्वार्टर नंबर लिहून घेतला, माणूस पाठवतो म्हणाला. साहेब म्हणाले, "चला." आम्ही तिघं त्यांच्या फियाटमध्ये बसलो. बाईला अजून काही कळलं नव्हतं. साहेबांनी गाडी छिंदवाडा रोडला लावली आणि मग तिला शांतपणे सांगितलं की आमची चूक झाली आहे, ती गोळी त्यांना चालणार नाही, आपण जाऊन उठवू. ती हो म्हणाली आणि तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

रस्ता दुपारचा, ओसाड. डांबर वितळून टायर चरचर वाजत होते. कोराडीच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद. कोळशाची मालगाडी लागली होती, डबे संपता संपेनात. साहेब स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं की एव्हाना तो माणूस घरी पोचला असेल आणि डोमाजी उठले असतील. तेव्हा मागून पंचफुलाबाई म्हणाली, "कसे उठतील जी. मी बाहेरून कुलूप लावून आली."

पाळीवाल्यांच्या वस्तीत ही रीतच असते. नवरा रातपाळी करून आला की बायको दाराला बाहेरून कुलूप लावून शेजारी नाहीतर बाजारात जाते. पोस्टमन, पाव्हणे, भांडीवाली, जो येईल तो कुलूप बघून परत जातो आणि माणसाची झोप होते. ती तेच करून आली होती. किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली, जे तिने मुठीत धरलं होतं.

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हाताकडे पाहिलं. शेटजींसाठी दाबलेलं घड्याळ माझ्या मुठीत तसंच चालू होतं. बंद करायचा धीर झाला नाही.

क्वार्टरच्या रांगेत शिरलो तेव्हा एक म्हातारी ओसरीवर बसली होती. तिने आपणहून सांगितलं की प्लांटचा माणूस आला होता, कुलूप पाहून गेला. पंचफुलाबाईंच्या हाताला गाठ सुटेना. साहेबांनी पदरासकट किल्ली कुलपात घातली.

आत पंखा फिरत होता. डोमाजी उताणे पडले होते. चेहरा जांभळा, ओठ काळे. पोट वरखाली होत होतं, जोरात, पण खोलीत पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मला काडेपेटी आठवली. साहेबांनी गुडघे खाटेवर टेकून दोन्ही हातांनी त्यांचा जबडा धरला आणि पुढे ओढला. काही झालं नाही. त्यांनी ओरडून मला डोमाजींना कुशीवर वळवायला सांगितलं. वळवलं. तेवढं वजन मी आयुष्यात उचललं नसेल. पंचफुलाबाई पायाशी जाऊन अंगठा हलवत होती, हलवत होती, आणि म्हणत होती, "उठा जी, अवो उठा जी."

मग तो आवाज आला. घाणेरडा, ओला, डुक्कर कापल्यासारखा घुरका. इतका गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

गोळीचा अंमल होता, त्यामुळे ते पूर्ण जागे झाले नाहीत. पाच-सहा जणांनी उचलून मागच्या सीटवर ठेवलं. साहेबांनी बाईला जबडा कसा धरायचा ते दाखवलं आणि नागपूरपर्यंत तिने तो सोडला नाही. वाटेत मी साहेबांना म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "कागदावर सही माझी आहे." नंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

गोळी उतरल्यावर दोन दिवसांनी मी डोमाजींना पुन्हा मोजलं. पंचफुलाबाईंना दाराबाहेर बसवलं, साहेब शेजारी उभे. कापूस थांबला, काडेपेटी हलत राहिली. वीस सेकंद. तीस. बाहेरून ती दोनदा दारापर्यंत आली, मला तिची सावली दिसत होती. चाळीस. अठ्ठेचाळीसला साहेबच पुटपुटले, बस झालं, उठव. यादीत यापेक्षा स्पष्ट नाव कधी चढलं नाही.

प्रश्न उरला तो रोग्याच्या होकाराचा. साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं: गळ्याला भोक, नळी, बोलायचं तर बोटाने भोक झाकून, आणि ती पट्ट्यावरची आरोळी कायमची जाईल. डोमाजी भिंतीकडे बघत राहिले. नाही म्हणणार असं मला वाटलं. मी त्यांना तो हाताचा प्रकार सांगितला, कारण ते अजून कुणी सांगितलंच नव्हतं. सहा, आठ, सात, नऊ. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"तू उठवत होती काय वं मले? इतके साल?"

"मले का माहीत," ती म्हणाली.

"मंग तू कधी झोपत होती?"

डोमाजींनी साहेबांना सांगितलं, "करून टाका जी."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. नव्या कागदावर मी शिक्का दोनदा मारला. वीजकेंद्राने मेमो मागे घेऊन त्यांना दिवसपाळीत भांडारात काम दिलं. त्याच आठवड्यात मी खोलीच्या दारावर माझ्या हाताने पाटी लिहून लावली: तपासणीच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर बसावे. ती पाटी माझ्या निवृत्तीपर्यंत होती आणि नवीन येणाऱ्याला मी पहिली ती वाचायला लावत असे.

तो नियम पहिल्यांदा मोडला तो मीच. शस्त्रक्रियेनंतर पंचफुलाबाईंना झोप येईना. नळीतून श्वास गुपचूप चालतो, घोरण्याचा आवाज नाही. अकरा वर्षं तिला आवाज बंद झाला की जाग येत होती, आणि आता आवाज कायमचा बंद. दोन दिवस ती नळीसमोर तळहात धरून बसली होती. तिसऱ्या दुपारी वॉर्डात उकाडा फार झाला म्हणून मी दोघांना कुलरच्या खोलीत आणलं. पाटीखालून.

डोमाजी झोपले. तिने नेहमीच्या बाकावर बसून त्यांच्या पायावर हात ठेवला. थोड्या वेळाने तो हात घसरून चादरीवर पडला आणि ती तिथेच बाकावर आडवी झाली. मेट्रन फेरीवर आल्या, पाटी वाचली, आत बघितलं आणि तिला उठवायला पुढे झाल्या. तेव्हा डोमाजींनी डोळे उघडले. बोट चाचपडत गळ्याशी नेलं आणि भोक झाकलं. खिडक्या वाजवणाऱ्या त्या माणसाचा आवाज आता घासलेल्या पत्र्यासारखा निघाला. त्यांनी मेट्रनला नाही, मला सांगितलं.

"उठवू नका गा तिले."

मेट्रन गेल्या. मी घड्याळ खणात टाकलं आणि बाकाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसलो. डोमाजींनी डोळे मिटले, तसा मी तिचा हात जिथे असायचा तिथे, त्यांच्या पायावर, माझा हात ठेवला. गरज नव्हती. संध्याकाळी कुलरचं पाणी संपलं तरी ती झोपलेलीच होती.